खिडकीकडचा गाल

१२ फेब्रुवारी

भिंगरीस,

फोन करून करून बोट दुखलं. दर वेळी ती गोड आवाजाची मुलगी उचलते आणि मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हणते. मी मॅडमचा बाप बोलतोय म्हटलं, तर म्हणाली, हो सर, तसा निरोप ठेवते. म्हणून पत्र लिहितोय. पत्राला कुणी बाहेर बसवून ठेवत नाही, ते दाराखालून सरळ आत जातं.

मुद्द्यावर येतो. आज तुझ्या आईच्या गुडघ्याचं मलम आणायला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो, तर गल्ल्याशेजारी मीच उभा. पुठ्ठ्याचा, चांगला माणसाएवढा उंच. मधोमध एक हिरवं पान, पानाच्या एका अंगाला सुरकुतलेला मी आणि दुसऱ्या अंगाला तुकतुकीत मी. सुरकुतलेल्याच्या डोक्यावर ‘आधी’, तुकतुकीताच्या डोक्यावर ‘नंतर’. खाली तुझ्या क्रीमचं नाव आणि ‘झाडांनी वय थोपवलं’. दुकानदार एकदा माझ्याकडे बघतो, एकदा पुठ्ठ्याकडे. काका, तुम्हीच का हे, म्हणून विचारलंन. मी म्हणालो, नाही, भाऊ असेल. मला भाऊ नाही हे तुला ठाऊक आहे, त्याला नाही.

आता मला वेड्यात काढू नकोस. ते दोन्ही फोटो एकाच सकाळचे आहेत. तूच काढलेस. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलंस, बाबा हनुवटी खाली, बाबा हसू नका, असं करत. ‘आधी’ म्हणून जो छापलाय तो माझा खिडकीकडचा गाल. ‘नंतर’ म्हणून जो छापलाय तो इंजिनाकडचा. त्यातला एक फोटो उलटा फिरवलाय, म्हणजे दोन्ही तोंडं एकाच दिशेला बघतात आणि कुणाला शंका येत नाही. पण ज्याने कुणी ही हुशारी केली त्याने भुवईतला व्रण बघितला नाही. इंजिनाचं झाकण डोक्यावर आदळलं होतं त्याचा. ‘नंतर’च्या भुवईत तो आहे, ‘आधी’च्या भुवईत नाही. क्रीम लावल्याने टाके पडतात का, हे जरा तुझ्या भागीदाराला विचार.

मी जन्मभर बस चालवली. एका गालाला सतत खिडकी, दुसऱ्या गालाला इंजिनाची ऊब आणि प्रवाशांची बडबड. खिडकीकडचा गाल सुकलेल्या आंब्याच्या सालीसारखा झाला, दुसरा तसाच राहिला. कारण मला माहीत नव्हतं, तूच सांगितलंस. काच उन्हाचा चटका अडवते, पण कातडीला म्हातारं करणारं जे असतं ते काचेतून खुशाल आत येतं, असं म्हणालीस. तेव्हा तू मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होतीस. एकच माणूस, एकच वय, एकच साबण, फरक फक्त उन्हाचा, बाबा तुमचा चेहरा म्हणजे पुरावा आहे, म्हणालीस. झाडाचा कुठलाही रस लावण्याआधी सावली, हे लोकांना दाखवायला हे फोटो वापरीन, असंही म्हणालीस. मी त्या दिवशी खुशीत बसलो होतो त्या स्टुलावर. माझा चेहरा कुणाच्या कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तर तो पुठ्ठा काढायला सांग. दुसरं काही मागत नाही.

तुझा बाप (आधी आणि नंतर)


२ मार्च

भिंगरीस,

उत्तराऐवजी खोकं आलं. आत कापसात गुंडाळलेल्या तुझ्या क्रीमच्या डब्या आणि एक छापील कार्ड, ‘आमच्या परिवारात सामील झाल्याबद्दल आभार’. तुझ्या परिवारात मी तू जन्मलीस तेव्हापासून आहे. तेव्हा कुणी कार्ड दिलं नव्हतं.

डबी भिंग घेऊन वाचली. पुढे मोठ्या अक्षरांत डाळिंबाची साल, ज्येष्ठमध, कोरफड, हिरवा चहा, गाजराच्या बियांचं तेल आणि सगळ्यांच्या डोक्यावर बावचीच्या बियांचं तेल, ‘झाडातून जसंच्या तसं’. मागे, जिथे कुणी बघत नाही, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलंय की फक्त रात्री लावावं आणि दिवसा उन्हात जाऊ नये. हे पुढे का नाही गं छापलं? जागा माझ्या तोंडाने खाल्ली का?

तुझी आई मात्र हरखली आहे. आरशासमोर उभी राहून दोन बोटांनी क्रीम चोळते आणि फरक पडला का विचारते. मी उजेड कमी आहे म्हणतो. पुठ्ठ्याचं कळल्यापासून तिने बाहेरच्या खोलीतली माझी खुर्ची फिरवून ठेवली आहे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला माझा इंजिनाकडचा गाल दिसावा. मी परत फिरवतो, ती परत फिरवते. काल शेजारीण आली तेव्हा चहाचा कप मुद्दाम पलीकडे ठेवला, म्हणजे मी मान वळवू नये. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

न्हाव्याचंही ऐक. इतकी वर्षं मुकाट्याने दाढी करायचा. परवा गालावरून अंगठा फिरवून म्हणाला, काका, एवढी बाजू अर्धवट राहिली वाटतं, डबी संपली का? दुकानातले सगळे हसले. मी म्हणालो, तू वस्तरा चालव. काय सांगणार होतो? माझी मुलगी लोकांना फसवते असं? ते शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत. म्हणून मूग गिळून बसतो आणि त्या मुगाचा राग इथे कागदावर काढतो.

तू का बोलत नाहीस ते मला माहीत आहे. तुझा तो भागीदार घरी आला होता तेव्हा मी त्याला चकचकीत म्हणालो. जुनी गाडी विकत घ्यायला आल्यासारखा तो माझ्या तोंडाभोवती फिरून बघत होता. तो गेल्यावर मी तुझ्या आईला म्हणालो, बाहेरून चकचकीत आहे, आत इंजिन नाही. तू स्वयंपाकघरातून ऐकलंस, बॅग उचललीस आणि गेलीस. तो शब्द मी मागे घेणार नाही. पण बापाचा एक शब्द लागला म्हणून त्याच्या तोंडाचा बाजार मांडायचा, हा कुठला न्याय?

पुठ्ठा अजून तिथेच आहे. आता त्याच्या पायाशी डब्यांचा मनोराही रचलाय.

बाप


२१ मार्च

भिंगरीस,

आज माझ्या गाडीवरच्या कंडक्टरचा फोन आला. मुलाकडे राहायला गेल्यापासून त्याचे फोन कमी झाले होते, म्हणून नंबर बघूनच बरं वाटलं. उचलला तर हा पलीकडून गहिवरलेला. त्याच्याही गावातल्या दुकानात तुझा पुठ्ठा पोचला आहे. लेका, तुझा खिडकीकडचा गाल बरा झाला की, पोरीने बापाचे पांग फेडले, असं म्हणाला.

इथल्या लोकांना माझ्या गालाशी काय देणंघेणं? त्यांच्या लेखी ती एक जाहिरात. पण कंडक्टर माझ्या मागे उभा राहून म्हातारा झाला. गाडी चौकीवर थांबली की माझ्या गालावर बोट ठेवून म्हणायचा, ही बाजू तुझ्या वडलांची आणि ती बाजू तुझ्या मुलाची. ‘आधी’ खरं आहे हे घराबाहेर ज्याला पक्कं माहीत आहे, त्याचाच ‘नंतर’वर सगळ्यांत जास्त विश्वास बसला. तुमच्या जाहिरातवाल्यांनाही इतकं सुचलं नसतं.

पुढचं ऐक आणि बसून ऐक. त्याच्या बायकोच्या, तुझ्या काकूच्या, गालांवर वांग आहे, तुला आठवत असेल. तिकडच्या डॉक्टरांनी मलम दिलंय, आणि मुलाच्या रोपवाटिकेत जाताना लावायला ते ऊन अडवणारं पांढरं क्रीम, डोक्यावर टोपी, सगळं. काकूने ते सगळं बंद केलं आहे. आपल्या भिंगरीने केलेलं आहे, झाडांचं आहे, मग डॉक्टरचं कशाला, म्हणते. दिवसभर रोपांत राबणारी बाई ती. झाडं कधी कुणाचं वाईट करत नाहीत असं तिचं ठाम मत. सकाळी तोंड धुऊन क्रीम थापते आणि टोपीबिपी न घालता वाफ्यांत जाऊन बसते. सकाळी, भिंगरे. उन्हात.

मी म्हणालो, अरे ते रात्री लावायचं असतं. तो म्हणाला, पण तू कधी लावायचास? आणि मी विषय बदलला. बोलायची वेळ तीच होती हे फोन ठेवल्यावर कळलं.

बावचीचं तू मला सांगितलेलं आहेस. ओट्यावर बिया पसरून सांगितलंस की ह्यातलं एक द्रव्य म्हातारपण हळू करतं, पण अख्खं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते, म्हणून कामाचं तेवढं वेगळं काढावं लागतं. मी म्हणालो होतो, झाडाचंच आहे ना. त्यावर तू हसून म्हणालीस, बाबा, धोतराही झाडच आहे. मग आता डबीवर हे ‘जसंच्या तसं’ कुठून आलं? वेगळं काढायचा कंटाळा आला, की जसंच्या तसं म्हटलं की जास्त खपतं?

काकूला फोन कर. माझ्याशी अबोला धर हवा तर, पण तिला आज फोन कर. तुझी आई कामाच्या पाळीवर असायची तेव्हा शाळेतून तू तिच्याकडे जायचीस, तिने तुझ्या केसांतल्या उवा काढल्या आहेत.

बाबा


१९ एप्रिल

भिंगरीस,

तू फोन केला नाहीस. मी केला, दुसऱ्याच दिवशी. लावू नका म्हणून काकूला सांगितलं. का, म्हणून विचारलं तिने. मी म्हणालो, ते उन्हात चालत नाही. ती म्हणाली, भाऊजी, तुम्ही तर उन्हातच बसायचात जन्मभर, तुम्हाला चाललं की. ह्याच्यावर खरं ते एकच उत्तर होतं, आणि ते देताना तुझं नाव काढावं लागलं असतं. मी जरा जपून लावा असं काहीतरी पुटपुटलो. जपून कसं लावतात ते मलाही माहीत नाही.

काल कंडक्टरचा फोन. काकूचे दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल होऊन सोलले आणि आता तिथे वांगापेक्षा गडद डाग पडलेत. तोंडाला रुमाल बांधून रोपवाटिकेत जाते. गिऱ्हाइकाशी बोलायला सुनेला पुढे करते. जी बाई रस्त्याने चालताना दहा जणांना थांबवून बोलायची, ती.

मी इतका ओरडलो की तुझ्या आईने घाबरून तुला मेसेज केला. आणि शेवटी तुझं उत्तर आलं. तिच्या फोनवर, दीड ओळीचं. ‘काकूंना सांग, डबीमागे लिहिलंय. फोटोबद्दल बाबांना म्हणावं, तो खोटा नाही, दोन्ही तेच आहेत.’

ही दीड ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. दोन्ही मीच आहे. बरोबर आहे. मग उद्या मी गाडी मागे नेताना भिंतीवर घातली तर म्हणतो की गाडीही माझी होती आणि भिंतही होती, खोटं काय आहे? तू लहान होतीस तेव्हा चुकलीस की नाक लाल व्हायचं आणि आपण होऊन येऊन सांगायचीस. ही असली वकिली भाषा तुझी नाही. कुणाच्या तरी शेजारी बसून लिहिलेली आहे. निदान तसं मला वाटून घ्यायचं आहे.

तुझी आई अजून तुझीच बाजू घेते. पोरीने धंदा उभा केलाय, तुम्ही खोड्या काढता, म्हणते. पण रात्री क्रीम लावायची थांबली आहे. डबी कपाटात मागे सरकवली. मी बघितलं.

ते दोघं इथे येणार आहेत. इथल्या मोठ्या इस्पितळात कातडीचे डॉक्टर चांगले आहेत, म्हणून कंडक्टरने वेळ घेतली आहे. राहणार आपल्याकडेच. म्हणजे इतक्या दिवसांनी तो मला समोरासमोर बघणार. तुझ्या आईने सुचवलं की त्या बाजूला कापूस लावून पट्टी मारा, दाढदुखी सांगू. मी नाही म्हटलं. वाईट ह्याचं वाटतं की क्षणभर मला ती कल्पना बरी वाटली.

बाबा


६ मे

भिंगरीस,

ते आलेत. आज चौथा दिवस. मी जे केलंय ते लिहितो, मग तू काय करायचं ते ठरव.

दार मी उघडलं. कंडक्टर पिशवी खाली न ठेवता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, अरे, तुझा गाल तर तसाच आहे. मी काही बोलायच्या आत तुझी आई मधे पडली. हे मेले नियमाने लावतच नाहीत, लावलं तेव्हा गेलं होतं, सोडलं तसं परत आलं, असं म्हणाली. झालं. काकूने रुमालाआडून मान हलवली. तिची चूक तिला सापडली. आपलं चुकलं ते मधेच सोडलं हे, भाजलं तरी नेटाने लावायला हवं होतं, असं ती म्हणाली आणि पिशवीतून तुझी डबी काढली. तिने ती सोबत आणली होती.

मी डबी हातातून हिसकावून घेतली. चार माणसांत काकूच्या हातातून काही हिसकावून घेईन असं मला कधी वाटलं नव्हतं. ती घाबरून मागे सरली. मी तसाच चपला घालून बाहेर पडलो, दुकानात गेलो आणि तो पुठ्ठा मागितला. दुकानदार म्हणाला, कंपनीच्या माणसाला विचारावं लागेल. मी म्हणालो, तोंड माझं आहे, मी माझं तोंड घरी नेतो. काखेत मारून निघालो. रस्त्यातून जाताना पोरंसोरं मागे लागली, हात दाखवून अवलक्षण ते हेच, पण मला कशाचीच लाज वाटत नव्हती. घरी येऊन तो भिंतीला टेकवला आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. कंडक्टर, म्हटलं, नीट बघ.

त्याने चष्मा पुसला. माझ्याकडे बघितलं, पुठ्ठ्याकडे बघितलं, मग पुढे येऊन ‘नंतर’च्या भुवईवर बोट ठेवलं. झाकण आदळलं त्या दिवशी त्यानेच मला टाके घालायला नेलं होतं, स्वतःच्या शर्टाने रक्त दाबून. त्याला सांगावं लागलं नाही.

“ही इंजिनाकडची बाजू आहे,” तो म्हणाला. “गाल बरा झालेलाच नाही. फोटो फिरवलाय नुसता.”

काकू खाली बसली. तुझी आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. कंडक्टरने नजर माझ्याकडे वळवली. तिकीट न काढणाऱ्या माणसाला तो गाडीत असाच बघायचा, आरडाओरडा न करता. मग मला विचारलं.

“पोरीला माहीत होतं?”

आणि मी नाही म्हणालो. सगळं त्या चकचकीत भागीदाराने केलं, तिला न विचारता, ती तर रडली, असं सांगितलं. इतकं भराभर सांगितलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं. कंडक्टर म्हणाला, मग ठीक आहे. काकूने डोळे पुसले. ती म्हणाली, मला वाटलंच, आपली भिंगरी असं करायची नाही.

आता मी काय सांगतोय ते समज. मी तुला एक वाट मोकळी करून दिली आहे. हे जे मी बोललो ते खरं कर. त्या माणसाला सोड, सगळे पुठ्ठे उतरव, डबीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छाप की उन्हात नको. मग मी खोटं बोललो असं होणार नाही, नुसतं थोडं आधी बोललो असं होईल. पोरी, मला तुझ्या कामाची लाज कधीच नव्हती. ओट्यावर डाळिंबाच्या साली वाळवताना तू जे सांगायचीस ते मी डेपोत सगळ्यांना सांगायचो. झाडं वय थांबवत नाहीत, जरा हळू करतात, तेही सावलीत असलात तर. हे वाक्य विकायला काय हरकत होती? कमी खपलं असतं. खपू दे कमी.

बाबा


१० मे

भिंगरे,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझी आई ह्याचा फोटो काढून तुला पाठवणार आहे आणि वाचल्याची खूण उमटेपर्यंत फोन हातातून खाली ठेवणार नाही. तिने स्वतःच सांगितलं तसं.

काल इस्पितळात गेलो, चौघंही. डॉक्टरीण बाई नीट बोलल्या. डाग जातील, वेळ लागेल, हे मलम लावायचं, उन्हात जाताना ते पांढरं क्रीम आणि टोपी, आणि झाडांचं असो नाहीतर कशाचंही असो, विचारल्याशिवाय दुसरं काही तोंडाला लावायचं नाही. काकू सगळ्याला हो म्हणाल्या. घरी आल्यावर मलमाची पिशवी खुंटीला अडकवली ती तशीच. रात्री लावलं नाही, सकाळीही लावलं नाही. तुझ्या आईने विचारलं तर म्हणाल्या, भिंगरीला एकदा विचारते, मग लावते. तिला न विचारता त्या माणसाने गोंधळ केला, आता तिला विचारून करू. आणि सकाळपासून तुला फोन लावत होत्या. ती गोड आवाजाची मुलगी त्यांनाही निरोप ठेवते म्हणाली. पहिला लागला नाही तेव्हा हसल्या, कामात असेल म्हणाल्या. मग पुन्हा लावला.

ते मला बघवेना. डॉक्टरांचं मलम तीन हातांवर लटकतंय आणि ही बाई माझ्या खोट्याच्या भरवशावर तुझी वाट बघत बसली आहे. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगितलं. वहिनी, म्हटलं, मी खोटं बोललो. फोटो पोरीनेच काढले होते. काय छापलंय ते तिला माहीत होतं. बावचीचं तेल उन्हात काय करतं तेही माहीत होतं, तिनेच मला शिकवलं होतं. फोन लागत नाही कारण तिला उचलायचा नाही.

कंडक्टर खिडकीशी उभा होता, तो वळला नाही. मला वाटलं आता काकू रडतील, किंवा तुला शिव्या घालतील. मी त्याची तयारी करून बसलो होतो. तुला शिव्या मिळाल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं, खरं सांगतो.

त्यांनी तोंडावरचा रुमाल काढून मांडीवर त्याची घडी घातली. गालांकडे बघवत नाही गं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

“म्हणजे तिला ह्यातलं सगळं माहीत आहे. मग भाऊजी, तिलाच विचारा ना, आता मी काय लावू.”

मी म्हणालो, वहिनी, डॉक्टरांनी दिलंय ते लावा. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी लांबून बघितलं, पोरीने माझ्या मांडीवर डोकं ठेवलेलं आहे, ती मला दुसऱ्यांदा वाईट सांगायची नाही. मी ओरडलो, कंडक्टर ओरडला, तुझी आई हात जोडून बसली. काही उपयोग नाही. डॉक्टरांचं पटतं त्यांना, पण तुझ्या तोंडून हवं आहे.

पुठ्ठ्यांचं मी आता काही मागत नाही. भागीदाराचं तू आणि तो बघून घ्या. मलाही उत्तर देऊ नकोस, मी रागावलेलाच आहे आणि राहीन. पण काकूला फोन कर. मलम लावा, उन्हात जाऊ नका, एवढंच सांग, माफी मागितली नाहीस तरी त्या विचारणार नाहीत. बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या आहेत आणि फोन वाजला की आधी केस नीट करतात.

बाबा